सटवाईच्या नावावर

माझा पहिला मुलगा सटवाईने नेला, असं म्हसावदच्या आमच्या सगळ्या गल्लीने एकमुखाने ठरवून टाकलं होतं. नाळ पडायच्या सुमारास त्याने दूध सोडलं. मग जबडा बसला, पाठ कमानीसारखी वाकली, आणि नुसतं दार वाजलं तरी ते एवढंसं अंग ताठ व्हायचं. सटवाईपुढे कुणाचं चालतं, असं बायका मला समजावत होत्या.

शहाद्याहून डॉक्टर आला तो सगळं संपल्यावर. ओसरीवर उभा राहून तो आमच्या ह्यांना सांगत होता, मी दाराआडून ऐकत होते. हा धनुर्वात. शेणात, मातीत डोळ्यांना न दिसणारे जंतू राहतात. सगळेच काही वैरी नसतात. जंतूंमुळेच उकिरड्याचं खत होतं, दुधाचं दही होतं. ते नसते तर पालापाचोळा आणि मेलेली गुरं जिथल्या तिथे पडून राहिली असती. पण चारा कापायच्या विळ्याने नाळ कापली, वर सारवलेल्या जमिनीवरची राख खरडून दाबली, की त्यातले हे धनुर्वाताचे जंतू ओल्या बेंबीतून आत शिरतात. कात्री खूप वेळ उकळून घ्यायची, बेंबीवर स्वच्छ फडक्याशिवाय काही ठेवायचं नाही. एवढंच.

माझ्या तळपायाची आग मस्तकात गेली. एवढंच? हे ह्या माणसाला ठाऊक होतं, त्याचा टांगा सदा आमच्या गावावरून जात होता, आणि गावातल्या एका बाईलाही त्याने हे सांगितलं नव्हतं. मूल मेल्यावर शिकवायला आला.

दुसऱ्या खेपेला मी हट्टालाच पेटले. ह्यांच्याकडून नवी कोरी कात्री आणवली आणि कळा सुरू होताच पातेल्यात उकळत ठेवायला लावली. पोर झालं तेव्हा सासूबाई मागच्या खेपेसारख्याच मुठीत राख घेऊन उभ्या होत्या.

"राख लावाबिगर बेंबी सुकत नही," त्या म्हणाल्या. "मीच लावसू."

मी पोर पोटाशी धरून ओरडले, "हात लावाल तर याद राखा." सुनेने सासूला असं बोलायचे ते दिवस नव्हते. सुईणीने पातेल्यातली कात्री घेतली.

मुलगी जगली. सासूबाई नारळ घेऊन मला सटवाईच्या ठाण्यावर घेऊन गेल्या. "माय पावनी, पाया पड," म्हणाल्या.

मी पडले नाही. इतके महिने गिळलेलं सगळं तोंडातून बाहेर आलं. "सटवाई नही पावनी, आत्याबाई. पोर कात्रीमुये जगनी. आन् पहिला पोऱ्या राखमुये मरना."

त्या भांडतील असं मला वाटलं होतं, आणि मला भांडायचंच होतं. त्या ठाण्यापुढेच खाली बसल्या. आमच्या ह्यांच्या आधी त्यांची दोन मुलं अशीच गेली होती. घरात सगळ्यांना ते माहीत होतं, मलाही. त्यांनी आपले तळहात उलगडून पाहिले.

"मंग मन्हा दोन्ही पोरे मीच मारात का व?"

माझा राग जसाच्या तसा होता, फक्त तो कुणावर काढावा ते कळेना. नारळ तसाच घरी आणला. त्यानंतर माझ्या मुलीला घ्यायच्या आधी सासूबाई हात धुवायच्या, कोरडे करून पुन्हा धुवायच्या, आणि पुष्कळदा एवढं करूनही तिला न घेताच आत निघून जायच्या.