धरतं त्याला तेल नाही

फटफटी घेऊन मी राजापूरला मुलगी बघायला निघालो होतो. रत्नागिरीबाहेरच्या पहिल्याच चढावर इंजिन बोंबलू लागलं, पण गाडी पुढे सरकेना. मिरकरवाड्याकडे पायी निघालेला एक म्हातारा थांबला. आगबोटीवर इंजिनाला तेल घालण्यात त्याचा जन्म गेला होता. त्याने पुढचं चाक जांभ्या दगडाच्या गडग्याला, कुंपणाच्या भिंतीला, टेकवलं आणि मला गिअर टाकून क्लच सोडायला लावला. चाक अडल्यावर इंजिन बंद पडायला हवं होतं. ते खुशाल ओरडत राहिलं.

"नांगर धरत नाय तुमचा," तो क्लचकडे बोट दाखवून म्हणाला. "तेल घातलंत काय?"

मी मायेने सगळीकडेच घातलं होतं, क्लचलासुद्धा.

त्याने क्लचच्या चकत्या काढून पेट्रोलने धुतल्या, मुंडाशाने पुसल्या आणि कोरड्या झाल्या का ते एकेक गालाला लावून बघितलं.

"फिरतं त्याला तेल घालावं. धरतं त्याला नाय."

त्याचं नाव विचारायचं राहूनच गेलं.

राजापुरात मुलीच्या वडिलांनी नोकरीचं विचारलं. कायम झाली म्हणून सांगायचं घोकून आलो होतो. पण म्हाताऱ्याच्या कोरड्या चकत्या आठवल्या आणि तोंडून निघालं, "अजून कच्ची आहे."

फटफटी केव्हाच मोडीत गेली. त्या मुलीची पकड मात्र अजून सुटलेली नाही.