औषध न लागलेली माती

कल्लप्पाबद्दल लिहायला बसलो आणि लक्षात आलं, मला त्याचं आडनावही ठाऊक नाही. माझ्या फोनमध्ये तो 'कल्लप्पा वाळवी' असाच आहे. गाव मैंदर्गीकडचं, एवढं माहीत. मुलंबाळं किती, कधी विचारलं नाही. मला विचारणं जमत नाही. गेल्या महिन्यात फवारणीच्या दुकानात तो वारल्याचं कळलं, तेव्हा कुणाला भेटायला जावं हेही समजेना.

अकरा वर्षांपूर्वी तो वाळवीचं औषध मारायला पहिल्यांदा आला तो माझ्या चुकीमुळं. सोलापुरातल्या आमच्या घराच्या परसात, भिंतीपासून चार हातांवर वारूळ होतं. माझी बायको सुंदरम्मा दर नागपंचमीला तिथं दूध-लाह्या वाहायची. शेजारच्या शेळ्या वारूळ तुडवतात म्हणून ती हळहळली, आणि रेल्वेच्या वर्कशॉपात तीस वर्षं काढलेल्या मी त्याभोवती जुन्या फळ्यांचं कुंपण घातलं. एक टोक घराच्या भिंतीला टेकवलं. दोन पावसाळ्यांत मागच्या दाराच्या चौकटीवर मातीच्या बारीक नळ्या चढल्या. ती सागवानी चौकट सुंदरम्माच्या वडिलांनी स्वतः घडवून दिली होती.

कल्लप्पानं चौकटीवर बोटानं टकटक करत कान लावला. मग कुंपण पाहिलं आणि बराच वेळ हसत राहिला.

"अण्णा, पाव्हण्यास्नी जेवायला बोलावलं, वर वाट बी बांधून दिली की."

चौकट आतून पोकळ होत चालली होती. वारूळ खणून आत औषध ओतल्याशिवाय ती वाचायची नाही, आणि पुढं वाळवी छताच्या वाशांवर जाईल, असं त्यानं सांगितलं. सुंदरम्मा पेचात पडली. देवाचं वारूळ मोडायचं, की बापाच्या हातची चौकट जाऊ द्यायची? मी तर तिथून उठूनच गेलो. ती दोघं पायरीवर बसून कानडीत बोलत राहिली. मला कानडी अर्धवट कळतं. तो तिला घाई करत नव्हता, एवढं कळलं. श्रावण संपेपर्यंत कुदळ लावायची नाही, असं ठरलं.

भाद्रपदात तो आला. औषधाचा डबा उघडण्याआधी त्यानं वारुळाची टोपलीभर माती काढून सुंदरम्मासमोर ठेवली.

"अक्का, ह्याला औषध लागलं न्हाय. पंचमीला ह्याचाच नाग करा."

तिनं टोपलीला हात जोडले, ती आत नेऊन ठेवली आणि बाहेर येऊन म्हणाली, "खण आता, कल्लप्पा."

चौकट वाचली. खाली वीतभर जोड द्यावा लागला, तो अजून वेगळा दिसतो. त्यानंतर दरवर्षी पंचमीच्या आधी तो घर तपासायला यायचा आणि कुठल्यातरी रानातल्या वारुळाची माती रुमालात बांधून आणायचा. चहा मात्र कधी घेतला नाही. हाताला औषध असतं म्हणायचा.

तीन वर्षांपूर्वी सुंदरम्मा गेली. माती येतच राहिली. मला नाग करता येत नाही, हे त्याला सांगायला मला दोन वर्षं लागली. गेल्या आषाढात सांगितलं. त्यानं तांब्याभर पाणी मागितलं, पायरीवर बसून माती मळली आणि वीतभर नाग केला. फणा जरा वाकडाच झाला. सुंदरम्मा ठेवायची त्याच कोनाड्यात तो ठेवला, चौकटीला एकदा कान लावला आणि चपला शोधू लागला. त्या दिवशी औषधाचा डबा त्यानं उघडलाच नव्हता. मी आपलं सवयीनं विचारलं,

"चहा घेणार का?"

"घेतो की. आज हाताला मातीच हाय."

"साखर?"

"टाका की थोडी."