कपबशीचं एक मत

काल सकाळपर्यंत ही गोष्ट मी कोणालाही सांगितलेली नव्हती. नवऱ्यालासुद्धा नाही — आणि नवऱ्याला तर मी दूध उतू गेलं तरी फोन करून सांगते. आता तुम्हाला सांगते. बसा जरा.

मला राजकारणातलं काही म्हणजे काही कळत नाही. कळून घ्यायचंही नाही. डोंबिवलीत इतकी वर्षं राहते, पण आमचा नगरसेवक कोण हे मला चौकात त्याच्या वाढदिवसाचा बॅनर लागला की कळतं. घरात तो विषय निघाला की मी कांदा चिरायला उठते. आणि अशा माझ्याच घरातून शुभाताई निवडणुकीला उभ्या राहिल्या! शुभाताई म्हणजे माझ्या थोरल्या नणंद, शेजारच्याच इमारतीत राहतात. वॉर्ड महिलांसाठी राखीव झाला, तेव्हा सगळ्यांनी आपापल्या बायका उभ्या केल्या. ताई म्हणाल्या, "मी कुणाची मिसेस म्हणून नाही गं, पाण्यासाठी उभी राहतेय." अपक्ष. चिन्ह कपबशी.

प्रचाराला त्यांच्याबरोबर जिने चढल्या त्या नीलाताई — माझ्या समोरच्या दारातल्या, आणि शुभाताईंच्या शाळेपासूनच्या मैत्रीण. मी काय केलं? चहा केला. तेवढंच.

मतदानाच्या दिवशी नवरा सकाळीच मत देऊन ताईंच्या टेबलावर जाऊन बसला. मी म्हटलं, स्वयंपाक आवरून जाते. केंद्र इमारतीमागच्याच शाळेत. जेवण झाल्यावर टीव्ही लावला — आणि लागला एक राजकीय थरारपट. सरकार पडणार, कुणीतरी आतली बातमी फोडलेली, मुख्यमंत्र्यांच्या बिचाऱ्या सेक्रेटरीवर आळ आलेला... मला पक्ष कुठला, विरोधक कोण, काही समजत नव्हतं. पण काय सांगू — मी जागची हलले नाही! जाहिराती लागल्या की जाऊन येऊ, असं ठरवायचे. जाहिराती लागल्या की वाटायचं, एवढ्यात संपतील. खरा फितूर कोण ते आम्हा प्रेक्षकांना माहीत, आणि तो मेला गप्प बसून चहा पितोय. मी सोफ्यावरून त्याला शिव्या घालत होते.

पिक्चर संपला तेव्हा शाळेचं फाटक बंद झालं होतं.

हसताय ना? मलाही तेव्हा आधी हसूच आलं. मग लक्षात आलं — आता ताई येणार, बोट बघणार. मी मुलाच्या दप्तरातला काळा मार्कर काढला आणि बोटावर रेघ ओढली. मी डावखुरी, त्यामुळे रेघ उजव्या हातावर आली. शाई डाव्या बोटाला लावतात हे आठवल्यावर ती घासून काढली आणि डाव्या बोटावर पुन्हा ओढली — खोटं बोलायलासुद्धा मला दोनदा लिहावं लागलं.

ताई आल्या त्या पाय सुजवूनच. माझं बोट हातात घेऊन म्हणाल्या, "चला, घरचं मत तरी पक्कं." मी त्यांना चहा दिला. मार्कर भांडी घासताना जायचा, मी रोज नवा लावायचे.

ताई आपटल्या. डिपॉझिटही गेलं. माझ्या एका मताने काही झालं नसतं, हे मीही जाणते. पण आमच्या केंद्रावर त्यांनी हक्काची म्हणून जेवढी मतं धरली होती, त्यात बरोबर एक कमी निघालं. बाकी सगळ्यांनी शब्द पाळला होता हो. एकच माणूस फिरला — आणि तो कोण, हे ताईंनी ठरवून टाकलं. नीलाताईंचा भाचा दुसऱ्या पक्षाच्या टेबलावर बसला होता ना!

माझ्या घरात, माझ्यासमोर त्या नीलाताईंना म्हणाल्या, "मत द्यायचं नव्हतं तर जिने कशाला चढलीस?" नीलाताई रडल्या, शपथा घेतल्या. मी पोह्यांच्या बश्या उचलून आत गेले आणि नळ सोडून उभी राहिले. तोंड उघडलं असतं तर काय झालं असतं? फार तर माझी नाचक्की. नीलाताई पुढे ठाण्यात माजिवड्याला मुलाकडे राहायला गेल्या, ताईंचा निरोप न घेता. मला मात्र जाताना त्यांनी कढीपत्त्याची कुंडी दिली. मी घेतली.

परवा तोच पिक्चर पुन्हा लागला. खोटं कशाला बोलू — मी पुन्हा बघितला, आणि पुन्हा तितकाच आवडला. सेक्रेटरी रडायला लागली, फितूर चहा प्यायला लागला, आणि मी ओरडले, "अरे बोल ना मेल्या, तोंड शिवलंय का?" नवरा आतून म्हणाला, "कुणाला गं?" मी टीव्ही बंद केला.

काल सकाळी शुभाताईंना फोन केला. पिक्चर, मार्कर, नळ — सगळं एका दमात सांगून टाकलं. तब्येतीचं कारण नाही दिलं, घरकामाचं नाही दिलं. माफीही मागितली नाही, कारण मागितली असती तर त्यांना ती द्यावी लागली असती. आणि खरं सांगते, इतकं हलकं मला कित्येक वर्षांत वाटलं नव्हतं. आता त्या काहीही म्हणोत, एकदाचं झालं.

त्यांनी एवढंच विचारलं, "नीलाचा नंबर आहे का गं तुझ्याकडे?"

मी सांगितला. घाईत एक आकडा चुकला, तो दुरुस्त करून पुन्हा सांगितला. त्यांनी लिहून घेतला आणि फोन ठेवला.