पायरीवरची पायताणं

सकाळी मुलीच्या खोलीतून निघताना शालनने, माझ्या पत्नीने, बुटांच्या पट्ट्या घट्ट केल्या आणि पाय पुढे करून मला दाखवल्या. साखरेमुळे तिच्या तळपायांतली संवेदना जवळजवळ गेली आहे. मागच्या वर्षी रुतलेला काटा तिला फरशीवर रक्त दिसल्यावर कळला. जखम भरायला सगळा हिवाळा गेला. अंगठा थोडक्यात वाचला. हे मऊ, रुंद बूट कराडच्या डॉक्टरांनी मापाने करून घेतलेले. एक पाऊलही अनवाणी टाकायचे नाही, या अटीवर त्यांनी प्रवासाला होकार दिला होता.

शहर होते तिबिलिसी, जॉर्जियाची राजधानी. आमची मुलगी रोहिणी तिथे डॉक्टर झाली. दुसऱ्या दिवशी तिचा पदवीदान समारंभ होता. तिला तालमीला जायचे होते, म्हणून आम्ही दोघेच पायी हिंडायला निघालो.

शहर सगळे चढ-उताराचे. खाली मातकट नदी, वर किल्ला, मध्ये रस्त्यावर झुकलेले लाकडी सज्जे. फरसबंदीचे दगड गोल आणि निसरडे. कराडजवळच्या आमच्या मलकापूरच्या सपाट रस्त्यांना सरावलेले आम्ही दुसऱ्याच चढाला थांबलो.

दुकानांच्या दारांत चुर्चखेला (द्राक्षाच्या आटवलेल्या रसात बुडवून वाळवलेली अक्रोडांची माळ) टांगलेली होती.

"आपल्याकडं बेदाणा करत्यात, ह्यांनी मेणबत्त्या केल्या," शालन म्हणाली. "आवं, वास तरी घिऊ द्या."

दुपारी लोबियानी (राजमा भरलेली जाड पोळी) खाल्ली.

"पुरणात साखर घालायची इसरली बाई ही."

"तेच बरं झालं."

"तुमी अन् डाक्टर, एका माळंचं मणी!"

चढावर एक छोटे चर्च लागले. दाराशी काळ्या कपड्यांतली एक म्हातारी हात पसरून बसली होती. तिच्या कापडी सपातेतून अंगठा बाहेर आला होता. आम्ही पायरीशी थांबलो, पायताणं काढली, जोडीने नीट ठेवली आणि आत गेलो. देवाच्या दारात हात आपोआप पायांकडे जातात. डॉक्टरांची अट दोघांनाही आठवली नाही. आत थंडगार दगडी फरशी होती. थोड्या वेळाने लक्षात आले, बाकी सगळ्यांच्या पायांत बूट होते.

बाहेर आलो तर माझ्या चपला होत्या. तिचे बूट नव्हते. म्हातारीही नव्हती.

"माझ्या कशा राहिल्या?"

"तुमच्या कोण नेतंय? भिकेत बी घेनार न्हाई कुनी."

तिला पायरीवर बसवून मी दोन्ही तळवे चष्म्याजवळ नेऊन पाहिले. रक्त नव्हते.

"सोडा की, लोकं बघत्यात."

चर्चमध्ये मेणबत्त्या विकणाऱ्या बाईंनी फोनवरच्या भाषांतरातून उलगडा केला. या पायरीवर लोक जुने कपडे गरिबांसाठी ठेवून जातात. बूटही तसेच ठेवलेले वाटले, म्हणून त्यांनीच ते म्हातारीला दिले. त्यांनी खालची गल्ली दाखवली.

शालनने माझ्या चपला घातल्या. मी अनवाणी उतरलो. दगड तापले होते.

गल्लीच्या टोकाला एका अंगणात बाकावर म्हातारी पाय लांब करून बसली होती. पायांत शालनचे बूट. ती ते शेजारणीला दाखवत होती. घोटे सुजलेले होते. शालन तिच्या शेजारी बसली. शालनचे माहेर कर्नाटक सीमेवरच्या जतचे. समोरच्याला मराठी कळेना की ती कानडीवर येते.

"अज्जी, इल्लि नोडी (आजी, इकडे बघा)."

मग तिने स्वतःच्या तळव्यांकडे बोट दाखवले आणि पोटाला इन्शुलिनचे इंजेक्शन टोचल्याची खूण केली. म्हातारी क्षणभर पाहत राहिली. मग तिनेही आपल्या पोटाशी तीच खूण केली.

 नंतर म्हातारीने पट्ट्या सोडल्या, बूट डोक्याच्या रुमालाने पुसले आणि शालनच्या पायांशी ठेवले. शालनने ते घातले. उठण्याआधी तिने म्हातारीचे पाऊल हातात धरून टाचेपासून वीत टेकवली. मला वाटले, पाया पडते आहे.

उरलेले शहर आम्ही पाहिले नाही. रोहिणीने रात्री आईचे तळवे तपासले, ओरखडा नव्हता. दुसऱ्या दिवशी नाव पुकारल्यावर शालन स्वतःच्या पायांवर उभी राहून टाळ्या वाजवत होती. परतीच्या विमानात ती सारखी वीत पसरून बघत होती. हात अवघडला असेल, असे मी धरून चाललो.

मलकापूरला आल्यावर शीण आठवडाभर उतरला नाही. तरी तिने मला बूट करणाऱ्याकडे नेले. तिने टेबलावर वीत टेकवली आणि पुढे बोटभर जागा सोडली.

"ह्येवढा पाय. घोट्याला सैल ठेवा, सूज हाय."

रोहिणीची उंब्रजची मैत्रीण सुट्टी संपवून तिबिलिसीला निघणार होती. तिच्या बॅगेत जागा आहे का, हे शालनने आधीच विचारून ठेवले होते.

"पत्ता काय सांगायचा?" मी विचारले. "आपल्याला तिचं नावसुद्धा माहीत नाही."

"पत्ता कशाला? त्याच पायरीवर ठिवायचं. ती मेणबत्तीवाली बाई देती की तिला."