ओडीलच्या टेकडीवरच्या खुर्च्या

ओडील गोन्येचा जन्म टेकडीच्या पायथ्याचाच. अमेरिकेतल्या व्हरमाँटमधल्या त्या उतारावर तिच्या बापाने जुन्या ट्रकच्या इंजिनाला दोरखंड गुंडाळून बर्फावर स्की करणारी माणसं वर ओढायला सुरुवात केली, तेव्हा ती पाळण्यात होती. पुढे शेजारच्या गावची स्कीची टेकडी बंद पडली आणि तिथली, केबलला टांगलेल्या खुर्च्यांची लिफ्ट बापाने उचलून आणली. तो गेल्यावर लिफ्ट धाकट्या भावाने, लुसिअँने सांभाळली आणि बाकीचं सगळं ओडीलने. तिकिटं फाडायची, वाटाण्याचं सूप ढवळायचं, रडणाऱ्या पोरांचे बूट आवळून द्यायचे. लग्न राहून गेलं. कुणी विचारलंच तर म्हणायची, "हिवाळ्यात मला सवड नसते, आणि उन्हाळ्यात इकडे कुणी फिरकत नाही."

त्या वर्षी जुलैत वादळ झालं. ओढ्याने वाट सोडली आणि लिफ्टच्या पायाखालची जमीन खरवडून नेली. खांब कलले, केबल खुर्च्यांसकट उतारावर लोळली. गाव धावून आलं, हे खोटं नाही. ट्रॅक्टर आणले, खड्डा भरला, चिखलात गुडघाभर उभे राहिले. पण खांब नव्याने रोवायला बाहेरून मोठी यंत्रं आणावी लागणार होती, आणि तेवढी ऐपत घरात नव्हती. एक हिवाळा बुडाला की पुन्हा उभं राहणं नाही, हे दोघांनाही कळत होतं.

ओडीलने संत आन्नेला साकडं घातलं. मग तिच्या मनात आलं, थोड्या खुर्च्या विकाव्यात. बंद पडलेल्या टेकड्यांवरच्या खुर्च्या लोक हौसेने आणून ओसरीत टांगतात, हे तिने पाहिलं होतं. दहाएक कमी झाल्या तरी लिफ्टचं काही अडत नाही.

"अगं, घर वाचवायला दारं विकतेस?" लुसिअँ म्हणाला.

"दारं नाही, खिडक्या. तू पाना आण."

रविवारी चर्चमधली मिस्सा आटोपून लोक खुर्च्या घ्यायला आले. धुतलेले कपडे, हातात झाकलेली भांडी. मयताच्या घरी यावं तसे. शाळेपासूनची मैत्रीण वर्ना तर गळ्यातच पडली.

"ती वाकड्या दांड्याची मला दे गं. तिच्यावर बसून डेलने मला लग्नाचं विचारलं होतं."

"घे की. पण रडतेस कशाला? लिफ्ट चालू करायलाच विकतेय मी."

"हो गं बाई, हो," म्हणत वर्नाने तिच्या पाठीवरून हात फिरवला, तापात बरळणाऱ्याच्या फिरवतात तसा.

सगळ्यांचं तेच. कुणी म्हणालं, मन घट्ट कर. कुणी म्हणालं, तुझ्या बापाचं नाव राखलंस हो. शेवटी ओडील वैतागून बाकावर चढली.

"अरे, मेलं नाहीये कुणी! डिसेंबरात लिफ्ट फिरवायची आहे मला. स्कीला कोण कोण येणार? हात वर करा बघू!"

"आधी माझ्या गुडघ्यांना विचार!" वर्नाचा नवरा डेल ओरडला. लोक हसले.

"मग पोरांना पाठवा!"

हसू थांबलं. वर्ना खाली बघत म्हणाली, "पोरांनी त्या मोठ्या डोंगराचे हिवाळाभराचे पास काढलेत गं, ओडील. तिकडे यंत्राने बर्फ पाडतात. सगळ्यांनीच काढलेत."

एकही हात वर गेला नाही. याच हातांनी तिचा खड्डा भरला होता. त्यांच्यावर रागवायचं तरी कसं?

लुसिअँ पाना धरून उभा होता. हळूच म्हणाला, "किती काढू?"

ओडील बाकावरून उतरली. ओठांत काहीतरी पुटपुटली. देवाजवळ काही मागितलं की त्यालाच दोन शब्द सुनावले, ते तिचं तिला ठाऊक.

"सगळ्या काढ."

"नीट विचार कर. एकदा सुट्या केल्या की..."

"केला विचार. काढ."

ती गवतात गुडघ्यांवर बसली आणि पाना नीट बसावा म्हणून पहिली खुर्ची तिने दोन्ही हातांनी उचलून धरली. मागे लोक पुढे सरकू लागले, तशी मान न वळवताच म्हणाली, "रांगेत या. रेटारेटी नको. सगळ्यांना मिळेल."