रावांनी काढलेली ओळ

राव गेल्याचं ऑफिसच्या ग्रुपवर कळलं, तेव्हा मी टी. नगरच्या बसमध्ये उभी होते. बातमीखाली जोडलेल्या हातांची रांग लागली. मी फोन पर्समध्ये टाकला. आज पाच आठवडे झाले, तरी माझा राग गेलेला नाही...

राव आमचे टीम लीड. तंजावरकडच्या मराठी घरातले, पिढ्यान्‌पिढ्या तिकडेच वाढलेले. मी सांगलीहून चेन्नईला आले तेव्हा टीममध्ये मराठी येणारे आम्ही दोघंच, म्हणून फार बरं वाटलं होतं. ते काही टिकलं नाही. माझं प्रत्येक काम ते तपासायचे आणि चूक सापडली नाही की त्यांचा चेहरा पडायचा.

एका साड्यांच्या दुकानाचा ऑनलाइन सेल सकाळी दहाला उघडणार होता. डेटाबेसच्या टेबलात सेकंदाला किती नोंदी घेता येतील, याची मर्यादा ठरवलेली असते. सेलआधी ती आपोआप वाढावी आणि गर्दी ओसरली की उतरावी, असा कोड मी लिहिला. आदल्या दिवशी रावांनी मला न सांगता त्यातली वाढवण्याची ओळच काढून टाकली. दहा वाजून तीन मिनिटांनी ऑर्डरी परत फिरू लागल्या. दुकानाच्या मालकासमोर राव तमिळमध्ये म्हणाले, "अंद पोण्णु मरंदुट्टा." ती पोरगी विसरली. एवढं तमिळ मला कळत होतं.

मी कोडमधल्या बदलांची नोंद काढून त्यांच्यासमोर धरली. तिथे त्यांचं नाव होतं. त्यांनी केबिनचं दार लावून घेतलं.

"ठाऊक आहे मज. हातानं वाढविणार होतों, राहिलं. तुम्हांस दुसरी नोकरी मिळेल. मज या वयांत कोण देणार?"

ती नोंद मी कुणालाच दाखवली नाही... का, ते आजही सांगता येत नाही. आठवड्याभरात बेजबाबदार म्हणून माझी दुसऱ्या टीममध्ये रवानगी झाली.

ते गेल्यावर त्यांचं काम सांभाळायला मलाच बोलावलं. ती फाईल उघडली. माझी ओळ जागेवर होती आणि तिच्या डोक्यावर एक टीप, अक्षरं रोमन, पण भाषा मराठी: 'ही ओळ काढूं नये. एकदां मी काढिली होती. दोष माझा.' टीप मी टीम सोडल्यानंतरच्या आठवड्यातली. ज्या टीममध्ये मराठी वाचणारं दुसरं कुणी उरलं नव्हतं, तिथे या माणसानं कबुली दिली होती.

मी ती पुसली नाही. तिच्याखाली तेच इंग्रजीत लिहिलं, रावांचं पूर्ण नाव घातलं आणि तो बदल सगळ्या टीमला पाठवला.