रंगूनच्या लग्नाचा दाखला

कुणाची फजिती चारचौघांत होते आणि आठ दिवसांत विसरली जाते. माझी तशी नाही. माझी फजिती सरकारी कागदावर आहे, सहीशिक्क्यासकट, ट्रंकेत जपून ठेवलेली. आज विषय निघालाच आहे तर सांगतो. मी सावकाश बोलणारा माणूस, चहा निवेल तुमचा. पीत पीत ऐका.

तरुणपणी मी रंगूनला होतो, भाताच्या गिरणीत पोती उचलायला. गिरणीच्या फाटकासमोर एक खानावळ होती. सगळे हमाल म्हणायचे, "चला मा टिनकडं." तिथे एक मुलगी वाढायची. पहिल्याच दिवशी मी तिला म्हटलं, "मा टिन, भात." तिने माझ्याकडे पाहिलं, हसली आणि भात वाढला. जरा जास्तच वाढला. मग मी रोज तिला मा टिन म्हणायचो आणि ती रोज हसायची. मला वाटे, माझ्यावर खूश आहे. खूश होतीच हो. पण हसण्याचं कारण वेगळं होतं, आणि ते मला कळायला तीन वर्षं लागली.

मोडक्यातोडक्या हिंदीत आम्ही बोलायचो. तिला आमच्याकडच्या सगळ्या गोष्टींचं कुतूहल. डोंगर केवढे, पाऊस किती, लग्न कसं लागतं. मी सांगितलं, आमच्याकडे लग्नात मुलीचं नाव बदलतात. "कोण बदलतं?" तिने विचारलं. मी म्हटलं, "नवरा." ती विचारात पडली.

आणि आमचं लग्न कसं लागलं म्हणाल, तर गल्लीतल्या वडीलधाऱ्यांसमोर दोघांनी एका कटोऱ्यातला भात खाल्ला. झालं लग्न. अंतरपाट नाही, अक्षता नाहीत, कागद तर नाहीच. मला वाटलं, अजून काहीतरी व्हायचं असेल, म्हणून मी बराच वेळ बसून राहिलो. शेवटी तिच्या आईने कटोरा धुवायला नेला, तेव्हा उठलो.

पुढे तिकडे लढाईची बोलणी सुरू झाली, तशी आम्ही आगबोट धरली. बोटीवर मी तिला उरलेल्या रीती शिकवल्या. पदर कसा घ्यायचा, पाया कुणाच्या पडायचं. आणि सगळ्यांत मोठी रीत म्हणजे बाईने नवऱ्याचं नाव घ्यायचं नाही.

"घेतलं तर काय होतं?"

"नवऱ्याचं आयुष्य कमी होतं म्हणतात."

"राजाने विचारलं तर?"

"राजाने विचारलं तरी नाही," मी म्हणालो. काय सांगू, फार शहाणा होतो मी त्या वयात.

आमचं गाव लोणावळ्याच्या खालच्या अंगाला, इंद्रायणीकाठी. आईने दारात सुनेला पाहिलं, बराच वेळ पाहिलं, मग माप ओलांडायला लावलं आणि ताटात तांदूळ पसरून त्यात माझ्याकडून बोटाने नाव काढवून घेतलं, सगुणा. लग्न पुन्हा लावायचं का, असं कुणीतरी विचारलं. आई म्हणाली, "एकदा लागलंय नव्हं? मग ऱ्हाऊ द्या. पोरं दमल्यात." गावच्या बायका तिला बघायला यायच्या आणि ती त्यांना बघायची. दोन वर्षांत ती आमच्या आईसारखं बोलायला लागली. भांडायलाही.

मला तेव्हा देहूरोडच्या डेपोत काम लागलं. चाळीत एक खोली मिळणार होती. पण डेपो लष्कराचा, दिवस लढाईचे. बाई परमुलखातली आहे म्हटल्यावर साहेबाने लग्नाचा दाखला मागितला. दाखला आणला तर खोली. नाही आणला तर ती परकी बाई ठरणार, चाळीत पाय ठेवायचा नाही, वर दर आठवड्याला पोलिसांत हजेरी. आता कटोऱ्याचा दाखला कुठून आणायचा?

म्हणून आम्ही वडगावला तालुक्याच्या कचेरीत गेलो. तिथले कारकून भाऊसाहेब वयस्क होते, नाकावर चष्मा, बोलणं मोजकं. त्यांनी सगळी हकिकत ऐकली. कटोऱ्यावर तर दोनदा प्रश्न विचारले, भात कोरडा होता की कालवण होतं. मग म्हणाले, "दोघांचे जबाब वेगवेगळे घेऊ. जुळले तर दाखला मिळेल. आधी बाईंचा."

मी बाहेर ओसरीवर बसलो. खिडकीतून आतलं ऐकू येत होतं.

"नाव?"

"सगुणा."

"माहेरचं नाव? आईवडिलांचं?"

नेमका त्याच वेळी ओसरीवरचा शिपाई माझ्याशेजारी टेकला. "काय हो पाव्हणं, तिकडं बाया बिड्या वढत्यात म्हनं, खरं का?" त्याला उत्तर देईपर्यंत आतला जबाब पुढे गेला होता. ध्यानात ठेवा हे.

"नवऱ्याचं नाव?"

आतून नुसत्या बांगड्या वाजल्या.

"बाई, नवऱ्याचं नाव विचारलं मी."

"न्हाई सांगनार."

"माहीत नाही का?"

"माहीत हाय की. जेजुरीच्या देवाचं हाय."

"मग सांगा."

"तुमाला कळलं न्हवं? मंग तुमीच लिवा."

"मी मनाने लिहून चालत नाही. जबाब तुमचा आहे. सरकारचं काम आहे हे, राजाचं."

"राजानं इचारलं तरी न्हाई सांगायचं. तेंनीच सांगितलंय."

मी उठून खिडकीशी गेलो आणि म्हणालो, "सांग की गं." शिपायाने मला खांद्याला धरून खाली बसवलं. "जबाब चाललाय. मधी बोललास तर दोघांचा बी रद्द हुईल."

"बाई," भाऊसाहेब आतून म्हणाले, "नवऱ्याचं नाव आलं नाही, तर ओळख पटली नाही असं लिहावं लागेल. मग खोली नाही, काही नाही."

तिचा आवाज बारीक झाला. "खोली ऱ्हाऊ द्या मंग. मी जाईन पोलिसात. पर तेंचं आयुष्य कमी करनार न्हाई."

मी माझ्या पायांकडे बघत बसलो. बोटीवरचा माझा शहाणपणा आता मला चांगलाच कळला होता.

थोड्या वेळाने भाऊसाहेब खाकरले. "उखाणा येतो का? उखाण्यात नाव घेतलेलं चालतं. आमच्या घरीही चालतं."

"ह्ये आधी सांगायचं की," ती म्हणाली, आणि कचेरीत उभी राहून, अगदी आमच्या आईच्या सुरात, तिने म्हटलं,

"आगबोटीत चार दिस, मागं ऱ्हायलं रंगून,
खंडूरावांचं नाव घेते, भाऊसाहेबांना सांगून."

शिपाई म्हणाला, "आता हिला कोन परकी म्हनंल?"

मग मला आत बोलावलं. ती बाहेर गेली. मी छाती काढून उभा राहिलो. अवघड ते सगळं पार पडलं होतं, आता माझं काय राहिलं होतं?

"बायकोचं नाव?"

"सगुणा."

"हे सासरचं. रंगूनला लग्न लागलं तेव्हाचं सांगा."

"मा टिन."

भाऊसाहेबांनी कागदात पाहिलं. चष्मा पुसला, पुन्हा पाहिलं. "नीट आठवून सांगा."

"आठवायचं काय त्यात? मा टिन. रंगूनला रोज त्याच नावाने हाक मारायचो."

"बाईंच्या जबाबात मा टिन हे नाव आईचं आहे." ते माझ्याकडे बघत राहिले. "तुम्ही लग्न कुणाशी केलंत? मुलीशी की सासूशी?"

दारातला शिपाई तोंडावर हात धरून बाहेर पळाला. माझ्या डोळ्यांपुढे गिरणीसमोरची ती खानावळ आली. खानावळीला म्हणायचे मा टिन. म्हणजे जिची खानावळ तिचं नाव. म्हणजे कटोरा धुवायला नेणारीचं. आणि वाढणारीला मी कधी विचारलंच नव्हतं.

भाऊसाहेबांनी कागद बंद केले. "नावं जुळत नाहीत. दाखला देता येत नाही."

मी हात जोडले. "एकदा तिला विचारू द्या."

"काय विचारणार?"

"तिचं नाव."

अशी वेळ वैऱ्यावर येऊ नये. तिला आत बोलावलं, आणि लग्नाला दोन वर्षं उलटून गेल्यावर सरकारी माणसासमोर मी माझ्या बायकोला विचारलं, "तुझं नाव काय?"

"सान मे," ती म्हणाली.

"मग मी मा टिन म्हणून हाक मारायचो तेव्हा बोलली का नाहीस?"

"आदी गंमत वाटायची. मंग तुमीच म्हनला, लग्नात नवरा नाव बदलतो. मला वाटलं, आईचं नाव ठिवलं. माझ्या आईवर लय जीव तुमचा. मला बरं वाटलं वो." तिने पदर सारखा केला. "मंग हितं आल्यावर आत्याबाईंनी परत बदललं. म्हटलं, ह्यांच्यात दोनदा बदलत असत्याल."

भाऊसाहेबांनी कागद पुन्हा उघडले आणि लिहायला लागले. लिहिताना मध्येच थांबून त्यांनी मला तेच नाव दहा वेळा म्हणायला लावलं. सान मे, सान मे. शाळेतल्यासारखं. ती बाजूला उभी राहून मोजत होती.

दाखला मिळाला. वडगाव स्टेशनच्या बाकड्यावर मी तो उघडला. माझी शाळा दुसरीपर्यंत, त्यामुळे अक्षरं जुळवत वाचावं लागतं. शेवटी भाऊसाहेबांनी शेरा मारला होता, ‘वधूस वराची पूर्ण ओळख आहे. वरास वधूची ओळख होत आहे.’

"काय लिवलंय?" तिने विचारलं.

"लगीन झालंय, असं लिवलंय."

"येवढं समदं?"

मी कागदाची घडी घातली.

खोली मिळाली, संसार झाला. तो शेरा आता बदलून घ्यावा, असं एकदोनदा मनात आलं होतं. इतकी वर्षं झाली, म्हटलं, झाली असेल की ओळख. रोज सकाळी मी तिला माझ्या हातचा चहा करून देतो. देहूरोडला होतो तेव्हापासून, एक दिवस चुकवला नाही.

परवा कळलं, तिला चहा आवडत नाही.